मोजे विणण्याचे गोल यंत्र : तिसऱ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते की यंत्र चालू झाले आहे, टाके सुटणे बरेच कमी झाले आहे, मात्र विणलेल्या नळीची एक बाजू घट्ट आणि समोरची बाजू सैल येते. या महिन्यातला बहुतेक वेळ त्या एकाच दोषामागे गेला, आणि तो सापडल्यावर पुढची कामे तुलनेने भराभर झाली.

यंत्र हाताने फिरवायचे, बिडाचे, साडेचार इंच व्यासाचे आणि ७२ सुयांचे आहे. साडेचार इंच व्यासाचा परीघ सुमारे १४.१ इंच भरतो, म्हणजे एका इंचात साधारण पाच सुया येतात. कारखान्यात बनियनचे कापड विणणारे ३० इंची, २४ गेजचे (इंचाला २४ सुयांचे) यंत्र याच हिशेबाने २,२६० च्या आसपास सुया वागवते. मात्र त्या यंत्रात आणि माझ्या यंत्रात एक मूलभूत फरक आहे. कारखान्यातल्या यंत्रात सुयांचा सिलिंडर फिरतो आणि सुयांना वर-खाली करणारे उताराचे तुकडे, म्हणजे कॅम, जागेवर राहतात. माझ्याकडे सुया जागेवर उभ्या असतात आणि कॅम बसवलेले कडे त्यांच्याभोवती फिरते. हा फरक मला आधीपासून ठाऊक होता, पण दोष शोधण्याची किल्ली त्यातच आहे, हे मात्र उशिरा लक्षात आले.

कडे फिरते म्हटल्यावर एकच कॅम प्रत्येक सुईला भेटतो. कॅम झिजला असेल किंवा चुकीच्या उंचीवर बसला असेल, तर त्याचा परिणाम सगळ्या टाक्यांवर सारखा व्हायला हवा. एखादी सुई वाकडी असेल किंवा तिची लॅच, म्हणजे सुईचा आकडा मिटवणारी छोटी झडप, अडकत असेल, तर दोष त्या सुईच्या एका उभ्या रांगेपुरताच दिसायला हवा. माझ्या नळीत यांपैकी काहीच दिसत नव्हते. घट्टपणा हळूहळू वाढत जाऊन एका बाजूला सर्वांत जास्त होत असे आणि पुन्हा हळूहळू कमी होत असे. मी तरीही दोन आठवडे सुया बदलत राहिले. त्यासाठी मागवलेल्या नव्या सुयांपैकी सहा सुयांची लॅच मुळातच घट्ट निघाली, आणि विकणाऱ्याने त्या परत घेण्यास नकार दिला. त्या सहा सुया मी बाजूला ठेवल्या आहेत.

अखेर अंदाज सोडून मोजायला बसले. पहिल्या आणि ३७व्या सुईवर लाल दोऱ्याची खूण केली, ४० फेर विणले, नळी उतरवून एक फेर उसवला आणि दोन्ही अर्धुकांचा धागा वेगवेगळा मोजला. उसवलेला धागा कुरळा असतो, म्हणून त्याच्या टोकाला लहानसे वजन टांगून तो सरळ करून घेतला. घट्ट बाजूच्या ३६ टाक्यांना ३९.४ सेंमी धागा लागला होता आणि सैल बाजूच्या ३६ टाक्यांना ४१.६ सेंमी. म्हणजे टाक्यामागे सरासरी ०.६ मिमीचा फरक. टाक्याला दोन पाय असतात, त्यामुळे सुई जेवढी जास्त खाली ओढली जाते त्याच्या साधारण दुप्पट धागा टाक्यात जातो. त्या हिशेबाने दोन्ही बाजूंच्या ओढीत सरासरी ०.३ मिमीचा फरक असायला हवा होता.

शेजारच्यांकडून डायल गेज (अगदी बारीक चढउतार काट्याने दाखवणारे मापक) आणि चुंबकी स्टँड उसने आणले. स्टँड कॅमच्या कड्यावर बसवून गेजचे टोक सिलिंडरच्या वरच्या कडेवर टेकवले आणि हँडल अगदी सावकाश फिरवले. काटा एका बाजूने चढत गेला आणि पूर्ण फेऱ्यात एकंदर ०.४५ मिमी हलला. टोकाच्या बिंदूंमधला फरक सरासरीपेक्षा मोठाच असणार, त्यामुळे धाग्याच्या मोजणीशी हा आकडा चांगला जुळला. तो काटा हलताना पाहून मला जो आनंद झाला, तो पहिला मोजा पूर्ण झाला तेव्हाही झाला नव्हता.

आता प्रश्न उरला तो दोष सिलिंडरचा की बैठकीचा. सिलिंडरचा खिळा काढून तो अर्धा फेरा फिरवून बसवला आणि पुन्हा विणले. लाल खुणा विरुद्ध बाजूला गेल्या, पण घट्ट बाजू टेबलाच्या खिडकीकडच्या अंगालाच राहिली. म्हणजे सिलिंडर निर्दोष होता, आणि कॅमचे कडे बैठकीवरच्या ज्या गोल पट्टीवरून सरकते ती धावपट्टीच तिरपी होती. पट्टी नीट पुसून उजेडात धरली तेव्हा एका अंगाला ती आरशासारखी चकचकीत आणि दुसऱ्या अंगाला मळकट करडी दिसली. हँडलचे गिअर ज्या बाजूने कड्याला रेटते त्याच बाजूला झीज झाली होती.

नाशिकमध्ये सातपूरला ज्या टर्नर काकांकडे मी नेहमी जाते, त्यांच्याकडे बैठक घेऊन गेले. त्यांनी ती लेथच्या फेसप्लेटवर बांधली, मधल्या भोकावरून सेंटर काढला आणि म्हणाले, "ताई, हा जुना बिडाचा जॉब आहे. एका पासात अर्धा मिलिमीटर काढायला गेलो तर कड फुटेल. दहा-दहा शतांश घेऊ, वेळ लागू द्या." सहा पास लागले. बीड कातताना कीस लांब निघत नाही, काळसर भुकटी पडते. ती भुकटी गिअरमध्ये आणि खिळ्यांच्या भोकांत राहू नये म्हणून घरी आल्यावर बैठक रॉकेलमध्ये धुऊन, कापडाने पुसून मगच तेल लावले. आता पूर्ण फेऱ्यात काटा ०.०४ मिमी हलतो. धावपट्टी खाली गेल्याने कॅमही खाली आला आणि टाका मोठा येऊ लागला होता, म्हणून सिलिंडर तेवढाच खाली घेतला. पुन्हा फेर उसवून मोजला तेव्हा दोन अर्धुकांना ४०.४ आणि ४०.६ सेंमी धागा लागला होता.

यानंतर कॅमकडे वळले. माझ्या यंत्रात सुया खाली ओढणारा मधला कॅम इंग्रजी व्ही अक्षरासारखा आहे. सुईच्या अंगावर बाहेर आलेला खुंट, ज्याला बट म्हणतात, तो या व्हीच्या एका उतारावरून खाली घसरतो, टोकाखालून जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. मोजा विणताना यंत्र बहुतेक वेळ एकाच दिशेने फिरते आणि उलट फक्त टाचेपुरते फिरते, त्यामुळे एका उतारावर नखाला लागेल एवढी खाच पडली होती, तर दुसरा उतार जवळजवळ नवा होता. त्या खाचेतून प्रत्येक बट जाताना हलकासा टक्‌ असा आवाज येत असे आणि तो हँडलपर्यंत जाणवत असे.

नवा कॅम आधी साध्या माइल्ड स्टीलचा केला. ती चूक होती. थोड्याच दिवसांत त्यावर बटांची चमकदार वाट उमटली. दुसरा कॅम ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवून कडक होणाऱ्या पोलादाचा केला, कानशीने आणि पॉलिश पेपरने आकार पूर्ण करून मग सुमारे ८०० अंशांना तापवून तेलात विझवून घेतला आणि ठिसूळपणा कमी करण्यासाठी २०० अंशांना टेंपर केला. त्याच वेळी मी एक प्रयोगही केला. उतार सुमारे ४५ अंशांचा होता, तो ५५ अंशांचा करून पाहिला. उतार जितका उभा, तितक्या कमी सुया एकाच वेळी धागा ओढत असतात, आणि एक सुई दुसरीच्या टाक्यातून धागा परत खेचून घेण्याचा जो प्रकार आहे तो कमी होतो. प्रत्यक्षात हँडल धक्के देऊ लागले आणि दुसऱ्याच दिवशी एका सुईचा बट तुटला. उभ्या उतारावर बटाला बसणारा बाजूचा रेटा वाढतो, आणि तो रेटा हाताच्या यंत्रातल्या थोड्या ढिल्या खाचांमध्ये सुईला तिरपी करतो. मी ४५ अंशांवर परत आले; फक्त व्हीचे टोक सुमारे दीड मिमी त्रिज्येने गोल केले, जेणेकरून बटाची दिशा एकदम न बदलता वळत जाईल. गोलाईमुळे ओढ थोडी कमी झाली, ती सिलिंडरच्या उंचीत भरून काढली. आवाज पूर्ण गेला आहे.

धागा परत खेचून घेण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण टाक्याची लांबी केवळ कॅमच ठरवतो असे मीही मानत होते. नॅप्टन आणि मंडेन या विणकामाच्या संशोधकांनी १९६६ साली दाखवून दिले की धाग्यावरचा ताण वाढला की कॅम तोच असूनही टाका लहान होतो. कारण खाली जाणाऱ्या सुईपर्यंत धागा सुयांच्या अनेक आकड्यांना घासत येतो, प्रत्येक आकड्यापाशी त्याचा ताण वाढत जातो, आणि एका टप्प्यावर बॉबिनकडून नवा धागा ओढण्यापेक्षा, नुकत्याच वर निघालेल्या शेजारच्या सुईकडून तो घेणे सोपे ठरते. मी हे घरी करून पाहिले. कॅमला हात न लावता ताणाची चकती दोन फेरे घट्ट केली, तर ८१ सेंमीचा फेर ७७ सेंमीवर आला. म्हणून ज्यांच्या यंत्रावर एका मोज्याची लांबी दुसऱ्याशी जुळत नाही, त्यांनी कॅमला हात लावण्याआधी धाग्याची वाट तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या यंत्रात ती वाट खराबच होती. वरच्या दांडीच्या पितळी डोळ्यात धाग्याने खाच पाडली होती. त्याजागी मालेगावला यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून आणलेला चिनी मातीचा डोळा बसवला. मेन रोडवरून आणलेली लोकर गोळ्यावरून थेट न घेता कोनावर गुंडाळून घेते, आणि गुंडाळताना ती मेणबत्तीच्या तुकड्यावरून जाऊ देते. नाशिकच्या कोरड्या थंडीत ॲक्रिलिकवर स्थिर वीज चढते आणि तंतू फुलून आकड्यात अडकतात; मेण लावल्यापासून ते पुष्कळ कमी झाले आहे. धागा सुईपाशी आणून सोडणारा कॅरियर मात्र मी फार जवळून, भिंग घेऊन पाहिला. सुई वर चढते तेव्हा जुना टाका लॅच उघडून तिच्याखाली उतरतो, आणि सुई खाली येताना तोच टाका लॅच मिटवून आकड्यावरून निसटतो. मधल्या क्षणात उघडी लॅच उसळून आपोआप मिटली तर नवा धागा आकड्याबाहेर राहतो आणि टाका सुटतो. कॅरियरचे पान त्या क्षणी लॅचच्या समोर असते आणि तिला मिटू देत नाही; म्हणून ते उघड्या लॅचला न घासता शक्य तितके जवळ हवे. माझे पान अडीच मिमी दूर होते. खाली पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून ते एक मिमीवर आणले, आणि गेल्या अकरा नळ्यांमध्ये एकही टाका सुटलेला नाही. लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या लॅचच्या सुईचे पेटंट घेतले. त्याआधीच्या सुईचा लांब आकडा दाबून मिटवायला वेगळी पट्टी लागत असे. इथे ते काम जुना टाकाच करतो, आणि एवढ्याशा रिव्हेटवर हलणाऱ्या झडपेवर सगळे यंत्र उभे आहे, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

फेर मोजणारा काउंटर बसवला आहे. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

टाचेची गोष्ट निफाडहून कळली. पहिला पुरा जोड मी मामांना दिला होता, कारण ते डिसेंबरात पहाटे द्राक्षबागेला पाणी द्यायला उतरतात आणि निफाडची थंडी सगळ्या नाशिक जिल्ह्याला ठाऊक आहे. पंधरा दिवसांनी त्यांनी मोजा परत आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ऊब चांगली आहे गं, पण इथून वारं शिरतं." टाचेच्या उजव्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढे भोक होते. डावा कोपरा बंद होता.

टाच विणताना ३६ सुया वर उचलून कामाबाहेर ठेवतात आणि उरलेल्या ३६ सुयांवर कडे पुढे-मागे फिरवतात. प्रत्येक ओळीला एक सुई वर घेत १२ सुयांपर्यंत उतरायचे आणि मग एकेक सुई परत कामाला लावत ३६ पर्यंत चढायचे. दिशा बदलताना धागा सैल पडतो आणि तो सैलपणा वरची स्प्रिंग ओढून घेते. दोष एकाच कोपऱ्यात असल्यामुळे स्प्रिंग बदलण्याआधी मी दांडीवरून ओळंबा सोडला. धाग्याचा डोळा सिलिंडरच्या मध्यावर नसून दोन सेंमी उजवीकडे होता. त्यामुळे कॅरियर उजव्या टोकाला गेला की डोळ्यापासूनचे अंतर कमी होई आणि डावीकडच्यापेक्षा जास्त धागा सैल पडे, इतका की तो ओढून घ्यायला स्प्रिंगची झेप पुरत नसे. दांडीचे भोक लांबट करून डोळा मध्यावर आणला, आणि स्प्रिंगही अर्ध्या मिमीच्या तारेची, एक वेढा जास्त देऊन, नवी वळली. त्यानंतरच्या चार टाचांमध्ये दोन्ही कोपरे सारखे आले आहेत, आणि मामांचा दुसरा जोड या रविवारी निफाडला जाईल.

रिबरची, म्हणजे उलट-सुलट टाक्यांची रिब वीण घालणाऱ्या जोडभागाची, ३६ सुयांची तबकडी अजून खोक्यातच आहे. तिच्या खाचा धुऊन झाल्या आहेत. तबकडी आणि सिलिंडर यांमधले अंतर सध्या एका बाजूला १.८ आणि दुसऱ्या बाजूला २.३ मिमी भरते, त्यामुळे पुढच्या महिन्याची सुरुवातही डायल गेजनेच होईल.