फोन कुणाला करायचा, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा

ज्या घरात कुणी व्यसनात अडकलेले आहे किंवा तीव्र नैराश्यातून जात आहे, त्या घरावर संकट बहुधा अवेळी येते, आणि घाबरलेल्या मनाने मोबाइलवर शोधलेला पहिला क्रमांक भरवशाचा असेलच असे नाही. माझ्या धाकट्या भावाच्या दारूपायी आमच्या कुटुंबाने काही वर्षे फार वाईट काढली. त्या काळात मी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन इंटरनेटवर शोधली, तेव्हा सर्वांत वर एका खासगी केंद्राची जाहिरात आली. तिथे फोन लावला, तर पलीकडच्या गृहस्थांनी भाऊ किती पितो, कधीपासून पितो, त्याला आणखी कोणता आजार आहे, यांपैकी काहीही विचारले नाही. पत्ता द्या, आगाऊ रक्कम भरा, माणसे येऊन त्याला घेऊन जातील, एवढेच सांगितले. रुग्णाची चौकशी करण्याआधी जो पैशांचे बोलतो, त्याच्या हाती आपला माणूस देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आज एकच क्रमांक लक्षात ठेवायचा असेल, तर तो १४४१६ ठेवावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मुख्य मार्गदर्शक आहे. ही सेवा चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक आपले म्हणणे ऐकून घेतात, आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी किंवा आपल्या जिल्ह्यातील सरकारी मानसिक आरोग्य सेवेशी जोडून देतात. फोन रुग्णानेच करायला हवा, अशी अट नाही. आई, पत्नी, भाऊ, मित्र यांपैकी कुणीही फोन करून 'आमच्या माणसाशी आम्ही कसे बोलावे?' एवढेच विचारले, तरी तो फोन योग्यच आहे, कारण पुष्कळ घरांत रुग्ण स्वतः मदत मागण्याच्या मनःस्थितीत नसतो आणि घरातले लोक तो तयार होण्याची वाट पाहत थकून जातात.

दारू, गांजा, गर्द किंवा गोळ्यांच्या व्यसनासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा स्वतंत्र विनामूल्य क्रमांक आहे. तेथे बोलताना माहिती झाकून ठेवू नये. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी दारू थांबवल्यावर काय झाले होते, हे तारखेनिशी सांगता आले तर पुढचा सल्ला नेमका मिळतो. यात एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू शपथ घालून किंवा खोलीत कोंडून एकदम बंद करणे धोक्याचे असते; पहिल्या दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप सुटतो, काहींना फिट येते, काहींना भास होऊन ते भलतेच बोलू लागतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. असा त्रास दिसताच माणसाला रुग्णालयात न्यावे; दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

स्वयंसेवी संस्थांचे काम आपल्याकडे जुने आणि मोलाचे आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तर अनेक मराठी घरांना ठाऊक असते. तेथे पत्नींसाठी वेगळा गट चालतो, याचे महत्त्व मला फार वाटते, कारण व्यसनी माणसाइतकीच त्याची सोबत करणारी बाई आतून खचलेली असते आणि तिची विचारपूस क्वचितच कुणी करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आय-कॉल' ही सेवा ९१५२९८७८२१ या क्रमांकावर समुपदेशन करते. मात्र संस्थांच्या सेवांच्या वेळा आणि क्रमांक बदलत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये बंद पडलेले क्रमांक कित्येकदा तसेच राहतात आणि ज्याने धीर गोळा करून फोन लावला, त्याला नुसती रिंग ऐकू येते. म्हणून क्रमांक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, दिवसा एकदा लावून पाहावा, सेवेची वेळ आणि भाषा विचारून घ्यावी आणि मगच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवावा.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी तिथला मानसिक संकटात मदत करणारा ९८८ हा क्रमांक मुलांना आणि स्वतःलाही माहीत करून ठेवावा. ब्रिटनमध्ये ११६१२३ वर समॅरिटन्स ही संस्था दिवसरात्र फोन घेते.

हेल्पलाइनचे काम बोलण्याचे आणि पुढची वाट दाखवण्याचे आहे. कुणी स्वतःला इजा करून घेतली असेल, विषारी औषध पोटात गेले असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर समुपदेशकाशी बोलण्यात वेळ न घालवता आधी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा ११२ वर फोन करावा, आणि त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये. अशा वेळी पोलिसांच्या भीतीने घरचे लोक डॉक्टरांना 'चुकून पोटात गेले' असे सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते, म्हणून तिला शिक्षा होत नाही, आणि तिची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. त्यामुळे काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले, हे डॉक्टरांना खरेखुरे सांगावे, बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे, आणि जीव वाचल्यावर घरी सोडण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच रुग्णालयात मागून घ्यावी.