भाताच्या रोपलावणीत गगनबावड्याकडं राहून आलो, जाणार असाल तर हे वाचा

गगनबावडा कोल्हापुरापासून साधारण ५५ किमी, रंकाळा स्टँडवरनं एसटी मिळते, आम्ही गेलो ती वाडी मात्र मेन रोड सोडून बरीच आत, चिखल तुडवत. मित्राच्या मामांचं घर, बोर्ड नाही की बुकिंग नाही. फोन केला तर मामा म्हणाले, "या की, पण लावण चालू हाय, बसून ऱ्हायला मिळायचं न्हाई."

आणि खरंच नाही मिळालं. तिकडं अजून पैऱ्यानं कामं चालतात, आज आमच्यात तर उद्या शेजाऱ्यात, त्यामुळं जुलैत जायचं तर राबायच्या तयारीनंच जा, नुसतं खाऊन रील काढणारा पावणा त्या दिवसांत घराला जडच होतो. निवांत बघायचं असलं तर सुगी उरकल्यावर जावा.

चिखलगुठ्ठा झालेल्या वावरात गुडघाभर उभं राहून, कमरेत वाकून, मागं मागं सरकत रोप लावायचं. मी मूठभर तरवा, म्हणजे भाताची रोपं, एकदमच खुपसायला लागलो तशी मामी ओरडली, "दोन-तीन काड्या बास, गर्दी केलासा तर फुटवा येतोय व्हय?" जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही, हाफ पँट आणि जुना टी-शर्ट बेस्ट. बूट घरीच ठेवा, वावरात अनवाणीच. रानात जळवा असतात, पुडीत मीठ बांधून न्या.

खाणं म्हणजे नाचणीची भाकरी, खर्डा, कुळथाची आमटी, बांधावरची रानभाजी. भात-नाचणी घरची, भाजी परड्यातली, विकत काय तर मीठ, तेल, चहा-साखर, काडेपेटी आणि पावसाआधी बाजारातनं आणलेली सुकट. पण "गावाकडं दूध-तुपाची चंगळ" वगैरे डोक्यातनं काढा, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं, नगद पैसा येतो तो त्याच्यावरच, म्हणून घरात चहा बऱ्याचदा कोरा.

मला सगळ्यात भारी वाटली ती बेगमी. जळण, शेणी, वैरण सगळं उन्हाळ्यातच भरून ठेवलेलं, चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर उद्याची लाकडं धगीवर सुकत असतात, मामी खालनं एक घालते की वरनं दुसरं काढून जवळ ठेवते, बोलणं न थांबवता. पाऊस महिनाभर उघडला नाही तरी चूल पेटणार. साधं राहणं साधं राहणं म्हणतात त्यात किती आधीचा हिशेब असतो हे तिथं कळतं.

लाईट कधीही जाते, रेंज चढावर गेलं तरच. टॉर्च आणि पॉवरबँक पाहिजेच, आणि रात्री एकट्यानं बाहेर पडू नका, गवे शेतात येतात. संडासाची सोय काय आहे ते आधीच फोनवर विचारा, लाजू नका.

पैसे दिले तर घेत नाहीत, उलट राग येतो. जाताना चहापत्ती, साखर, तेलाचा डबा घेऊन जावा आणि येताना त्यांच्याकडचा तांदूळ, नाचणी सांगतील त्या भावात घ्या, घासाघीस करू नका. रजा मात्र एक दिवस जास्तीची टाका, वाटेत मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की एसटी बंद आणि तुम्ही तिथंच.