एकाच माणसाचं

परवा ताई येऊन गेली. मी बांधतोय त्या ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, ड्रॉइंग टेबलावर पसरलेलंच होतं. चहा पिता पिता तिने वाकून बघितलं आणि विचारलं, "एकाच माणसाचं?" बस, एवढंच. मग विषय दाजींच्या गुडघ्याकडे गेला. माझ्या डोक्यातून मात्र ते दोन शब्द हलायला तयार नाहीत.

एकाचंच असणार ना! हलकं करायचं म्हटल्यावर दुसरा मार्ग कुठे आहे? जिम मॉपिन या डिझायनरचं कार्बन ड्रॅगन ग्लायडर घ्या. पंखांचा पसारा १३.४ मीटर आणि रिकामं वजन ६६ किलो. चालवणारा माणूसच बहुधा ग्लायडरपेक्षा जड! लाकूड, कापड, आणि ताण सोसणाऱ्या स्पारला, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईला, कार्बन. सिंक, म्हणजे खाली उतरत जाण्याचा वेग, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे संध्याकाळच्या दमलेल्या हवेतही ते तरंगत राहतं. अमेरिकेतला नियमसुद्धा तेच सांगतो: बिनइंजिनाचं अल्ट्रालाइट (अतिहलकं विमान) ७० किलोच्या आत, आणि बसणारा एकच.

ताईला हे सांगायला हवं होतं. पंखाचं स्वतःचं वजन पंखाला फारसं वाकवत नाही, कारण ते जिथल्या तिथे उचललं जातं. वाकवतो तो मधे बसलेला माणूस. दुसरा आला की मुळाशी स्पार जाड, मग फिटिंग जड, मग सगळंच जड. तेही सोडा. ७५ किलोचा एक जण धरला तर ड्रॅगन भरतं १४१ किलो. ढाचा एक ग्रॅमही वाढला नाही असं मानून दोघं बसवले, तरी २१६. तितकंच कलून वळलं तर वर्तुळ दीडपट मोठं. बारीकशा थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या खांबात, घिरट्या घालत टिकता यावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि नेमकं त्यातूनच बाहेर पडायचं?

हिशोब माझ्या बाजूने आहे. तरी लागलं ते लागलंच. रात्र रात्र रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, कापतो, तराजूवर ठेवतो, भोक थोडं वाढवतो, पुन्हा ठेवतो. हाताचा इपॉक्सीचा वास जेवतानाही जात नाही. आणि घरच्या माणसाला त्यात दिसलं काय, तर 'एकाच'. हडपसरला कुंपणाशी उभं राहून विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर, चढणारं ग्लायडर बघायचो, तेव्हा मान वर करून बघणारे आम्ही दोघं होतो. नंतर तिचं लग्न... जाऊ दे.

आपल्याकडे ग्लायडर डिझाइन करणाऱ्या रामामृतम यांनी एकाचं आणि दोघांचं, दोन्ही केली. १९६१ची रोहिणी, दोघं शेजारी शेजारी बसायचे ती. आणि १९६३चं कार्तिक, एकाचं. त्यांचं एखादं भावंड असतं तर त्याला कुठलं आवडलं असतं, कोण जाणे.

आज वजनाचा तक्ता पुढे घेतला. चालवणाऱ्याच्या वजनाची खालची मर्यादा ठरवायची राहिली होती. हलका माणूस बसला की सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मागे सरकतो, मग नाकात शिसं बांधावं लागतं. मी तिथे ५० लिहिलं. ताई त्याच्या आसपासच असेल. जागा एक आहे, पण ती माझ्याच नावाची आहे असं ड्रॉइंगमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. एक उतरला की दुसऱ्याने बसावं.

तिचे पाय मात्र पेडलपर्यंत पुरायचे नाहीत. पेडल पुढेमागे सरकणारी करायची म्हणजे तीनशेक ग्रॅम वाढणार. एवढ्या ग्रॅमसाठी मी किती रिबना भोकं पाडली आहेत! वाढू देत. उद्या पेडलचं ब्रॅकेट बदलून काढतो.