सर आणि बन्सनची ज्योत

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं. मैदान, स्नेहसंमेलन, हेडसरांचा दरारा यांवर बाकीचे लिहितीलच. मी आमच्या विज्ञानाच्या सरांबद्दलच लिहिणार.

प्रयोगशाळेत बन्सन बर्नर होता, पण कपाटात. गॅसच नव्हता! म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर स्पिरिटचा दिवा पेटायचा. तारेवर मीठ धरलं की ज्योत पिवळीधमक, मोरचूद धरलं की हिरवी. तार ज्याच्या हातात, त्याच्या नाकावर सर स्वतःचा चष्मा चढवत. मग त्यांनाच धड दिसत नसे आणि "कुठला रंग आला रे?" असं आम्हालाच विचारत. आम्ही कधीकधी मुद्दाम खोटा रंग सांगायचो.

चष्म्याचा हा आग्रह जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बन्सनमुळे. तरुणपणी आर्सेनिकच्या एका जहाल संयुगाचा स्फोट होऊन त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. हे सांगताना सरांचा आवाज असा व्हायचा, जणू घरातल्याच कुणाला इजा झालीय. १८५५ च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेसाठी बन्सननी देसागा या कारागिराकडून बर्नर घडवून घेतला. गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळते, त्यामुळे ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच आणि पदार्थाचा रंग स्वच्छ दिसतो. त्यांनी पेटंट मात्र घेतलं नाही. हे वाक्य सर दोनदा म्हणायचे.

पुढे किरखॉफ या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी तो उजेड लोलकातून पाहिला. उजेडाच्या रंगीत रेषा दिसल्या, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या! १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या, तो सीझियम, एक नवं मूलद्रव्य. चाळीस टनांहून जास्त पाणी आटवलं, तेव्हा कुठे त्याचा क्षार काही ग्रॅम हाती आला. पुढच्याच वर्षी रुबिडियम.

आज मी चाकणला एका फाउंड्रीच्या लॅबचा प्रमुख आहे. ओतीव लोखंडाच्या नमुन्यावर ठिणगी पाडली की मिनिटभरात मँगनीज किती, क्रोमियम किती, ते पडद्यावर येतं. तत्त्व तेच, रेषांचं. नव्या पोरांना मी हे सांगतो. ती मान डोलावतात आणि रिपोर्ट प्रिंट करतात.

परवा शाळेत आलो होतो. ज्योत परीक्षा आता स्मार्ट बोर्डवर दाखवतात म्हणे. व्हिडिओत रंग झकास दिसतात, पण हाताला चटका बसत नाही. समितीला विनंती आहे, प्रयोगशाळेत गॅसची जोडणी करून घ्या. खर्च माझ्याकडे. वर्गाला पुरतील इतके चष्मेही मीच पाठवतो.