निंबोळीचा घाणा, साबण आणि फणी : आमची वाटचाल

आमचा कुत्रा मोत्या गेला त्या दिवसापासून आमच्या धंद्याचा हिशोब सुरू होतो. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं घर. घरची कपाशी, थोडी केळी. २०१८ च्या पावसाळ्यात मोत्याचा कान उलटा केला तर आत नुसते गोचीड, रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखे टम्म फुगलेले. कपाशीवर फवारून उरलेलं औषध पंपाच्या तळाशी होतं. मी चिंधी बुडवली आणि त्याच्या अंगावरून फिरवली. तासाभरात तोंडाला लाळ, पायांना कापरं. तालुक्याहून डॉक्टर आले, ॲट्रोपीन हे विषावरचं औषध दिलं, पण उशीर झाला होता. आई ओट्यावरून म्हणाली, "तुनी चूक नही भाऊ, आमले कोनी सांगंच नही." चूक माझीच होती. ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शिवारात अजून हेच घडतं.

मामांच्या गोठ्यात एक लाकडी घाणा बंद पडून होता. विषारी औषधाऐवजी निंबोळीचं तेल काढावं म्हणून तो दुरुस्त केला आणि निंबोळ्या गोळा करायला लागलो. मृग लागला की त्या पिवळ्या होऊन गळतात आणि नेमका तेव्हाच पाऊस असतो. पहिल्या वर्षी ओल्या निंबोळ्यांचा ताडपत्रीवर ढीग घातला. चार दिवसांत काळी बुरशी चढली, सगळा माल खतात गेला. पाड्यावरच्या एका मावशीने आम्हाला रीत शिकवली : गर त्याच दिवशी धुऊन काढायचा, बी सावलीत पातळ पसरायचं आणि मूठभर घेऊन कानाशी हलवायचं. आत खुळखुळलं की घाण्याला तयार. आजही आमच्याकडे बी असंच तपासतात. युरियाला निंबोळी तेलाचा लेप २०१५ मध्ये सक्तीचा झाल्यापासून या बीला मागणी आहे. म्हणून स्वच्छ, सावलीत वाळवलेल्या मालाला आम्ही बाजारापेक्षा जास्त भाव देतो. ओला माल मात्र ओळखीच्या माणसाकडूनही घेत नाही.

पहिलं उत्पादन कुत्र्यांसाठी निंबोळी साबण. खपला चांगला, पण तक्रार एकच : "आठ दिवसांत परत गोचीड." शोध घेतला तेव्हा कळलं की निंबोळीतलं खरं काम करणारं ॲझाडिरेक्टिन क्षारात टिकत नाही, आणि साबण म्हणजे क्षारच. साबणाच्या फेसात पिसवा बुडतात, अंग स्वच्छ होतं, बस. वेष्टनावरची 'गोचीड प्रतिबंधक' ही ओळ आम्ही त्याच महिन्यात काढली. विक्री घसरली. घरात वाद झाला, पण ती ओळ परत छापली नाही.

मग कुत्र्याच्या अंगाला लावायचं निंबोळी तेल आणलं. लिटरभर कोमट पाण्यात १० मिली, सौम्य शाम्पूचे चार थेंब, आणि त्याच दिवशी वापरून संपवायचं, कारण पाण्यात आणि उन्हात त्याचा गुण उतरतो. हे तेल गोचीड जागच्या जागी मारत नाही. वासाने दूर ठेवतं, आणि लहान किड्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. थंडीत ते बाटलीत थिजतं, तेव्हा लोक भेसळ म्हणून परत आणायचे. आता बाटलीवरच लिहिलंय, कोमट पाण्यात धरा.

सर्वात मोठी चूक दुसऱ्या वर्षीची. कडू वास झाकायला आम्ही तेलात कापूर आणि निलगिरी घातली. धुळ्याच्या एका ताईंनी ते मांजरीला लावलं, मांजर अंग चाटतं, ती लाळ गाळत कोपऱ्यात पडून राहिली. वाचली. आम्ही दुकानांतली प्रत्येक बाटली परत बोलावली. तेव्हापासून तेलात वासाचं काहीही नाही, आणि मांजरांसाठी व तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांसाठी आम्ही तेल विकतच नाही. त्यांना बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं. पिसू फणीत आली की पाण्यात. आणि लसूण खाऊ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला बाधतो.

खरं काम घरात आहे, हे समजायला आम्हाला उशीर लागला. पिसवांची अंडी अंगावरून गोधडीत गळतात आणि कोशातली पिसू महिनोन् महिने निपचित राहते, म्हणून बंद घर उघडलं की पायांवर उड्या येतात. गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आपली धाब्याची घरं, मातीच्या भिंती, त्यांना भेगा असणारच. आता तेल द्यायच्या आधी आम्ही विचारतो, कुत्रं झोपतं कुठे? त्या भेगा चिखलाने लिंपा, वर चुना मारा, गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका आणि मे महिन्याचं ऊन दाखवा. याचे आम्ही पैसे घेत नाही.

आज घाण्यावर आणि पॅकिंगला मिळून सहा जण आहोत, चार बाया. माल जळगाव, धुळे, नंदुरबारला जातो, थोडा कुरिअरने पुण्याला.

गेल्या महिन्यात अमळनेरहून एक दादा आले. कुत्र्याच्या नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या, दोन दिवस अन्न नाही. त्यांना बाटली हवी होती. मी दिली नाही. हा गोचीड ताप असू शकतो, आधी रक्त तपासा, म्हणून त्यांच्याच गाडीत बसून दवाखान्यात गेलो. एर्लिकिया, म्हणजे गोचिडांतून पसरणारा जंतू, निघाला, डॉक्टरांनी २८ दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. परवा त्यांचा फोन आला. कुत्रं भाकरी खायला लागलंय, गोळ्यांचे नऊ दिवस उरलेत, आणि गोठ्याच्या भेगा लिंपायला माती कुठली चांगली, असं विचारत होते.