राउटर टेबल: दिशा चुकली तेव्हा

लाकडाची पट्टी हातातून कधी सुटली ते कळलंच नाही. भिंतीवर काहीतरी फाडकन आपटलं आणि मग लक्षात आलं की हात रिकामे आहेत. बोटं शाबूत होती, तरी मी ती मोजली.

राउटर म्हणजे इंटरनेटचा नव्हे, लाकडाला कंगोरे आणि खाचा पाडणारा. हातात धरून तो मी वर्षभर वापरत होतो, त्यामुळे टेबलाखाली बसवला तेव्हा नवीन काही शिकायचंय असं वाटलंच नाही. सगळा घोळ तिथेच झाला. हातातल्या राउटरचं बिट, म्हणजे फिरणारं धारदार पातं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. तोच उलटा टांगला की बिट उलट्या दिशेने फिरताना दिसतं. फेन्सच्या (लाकूड टेकवून सरकवायच्या आडोशाच्या) बाहेर, आपल्या बाजूला आलेली धार डावीकडून उजवीकडे धावत असते. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे, धारेच्या अंगावर न्यायचं. मी कंगोरा पाडून झाल्यावर एक खडबडीत जागा दिसली म्हणून पट्टी सहज मागे ओढली. धारेला हवी तीच दिशा मिळाली, आणि तिने पट्टी हिसकावून नेली.

त्या दिवशी मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते टेबलावर मार्करने ठळक बाण काढण्याचं. बालिश वाटेल, पण अजून पुसलेला नाही.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त फसवं आहे. पट्टीची रुंदी थोडी कमी करायची होती, तेव्हा ती बिट आणि फेन्स यांच्या मधून घालावी असं मनात आलं. दिसायला सोपं. पण बिटाच्या मागच्या बाजूला धार उलट धावते, म्हणजे नेहमीच्या बाणाच्या दिशेने ढकललं तरी लाकूड ओढलंच जाणार. शिवाय ते दोन्हीकडून अडकलेलं. बिट फेन्समध्ये लपलेलं हवं, लागेल तेवढंच बाहेर.

बिट बसवताना प्लग काढायचा. फक्त स्विच बंद करून भागत नाही. शँक (बिटाचा दांडा) कॉलेटच्या (तो पकडणाऱ्या नळीच्या) तळाला टेकवून मग सुमारे 3 मिलिमीटर वर उचलायचा आणि मग पाना आवळायचा. तळाला टेकलेलं बिट आवळताना नीट पकडलं जात नाही. मला हे एका खाचेने शिकवलं: एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला खोल. बिट चालता चालता वर सरकत होतं. आता शक्य तिथे मी अर्धा इंची शँकच घेतो, पाव इंचीपेक्षा तो कमी थरथरतो.

वेगाचं गणित मी एकदा कागदावर केलं. 3 इंच व्यासाचं बिट मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरवलं तर त्याची कड ताशी 300 किलोमीटरच्या वर जाते. असली बिटं 10,000 ते 12,000 वरच चालवायची. लहान सरळ बिटांना जास्त वेग चालतो. आणि एका दमात पूर्ण खोली गाठायची नाही. दोन-तीन मिलिमीटर काढायचे, बिट थोडं वर करायचं, पुन्हा काढायचे. मोटर कण्हायला लागली की समजायचं, घाई झाली.

चष्मा, कानावरचं संरक्षण, मास्क हे आलंच. हातमोजे मात्र नाहीत, आणि बाह्याही दुमडलेल्या. फिरत्या धारेत कापड अडकलं तर हातही आत ओढला जातो. बोटांच्या जागी ढकलपट्टी. फेदरबोर्ड, म्हणजे लाकूड दाबून धरणारी दातेरी फळी, मी टाकाऊ फळीला तिरक्या चिरा देऊन घरीच केला. त्याची दातरी लाकूड जाण्याच्या दिशेने झुकलेली हवी, म्हणजे लाकूड पुढे सरकतं पण मागे फिरताना अडतं. माझी ती पट्टी तेव्हाही अडली असती.

चारही कडांना कंगोरा हवा असेल तर आधी आडव्या रेषेच्या, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात त्या कडा करतो, मागे टाकाऊ तुकड्याचा आधार देऊन. तरीही कोपऱ्याची ढलपी उडालीच, तर नंतर लांब कडा करताना ती जागा बहुधा निघून जाते. आणि तळहाताएवढा तुकडा असेल तर टेबलावर नेतच नाही. मोठ्या फळीलाच कंगोरा पाडतो, मग करवतीने तुकडा वेगळा करतो.