न्यायाधीश जॉन्सन आणि गरम पाणी

शनिवार, रात्री उशिरा

हल्ली झोपण्याआधी फ्रँक जॉन्सन यांचे निकाल वाचतेय. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचे संघीय जिल्हा न्यायाधीश. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलं तेव्हा वय ३७ च्या आसपास. हे पद तहहयात, आणि यांच्या बाबतीत ते बरंच झालं. वर्णभेदाविरुद्धच्या निकालांवर चिडून कुणी घरापुढे क्रॉस जाळला, कुणी आईच्या घरावर बाँब टाकला. माउली बचावली. निवडून यायचं असतं तर हा माणूस कधीच घरी बसला असता.

१९५६ चा बसचा निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. तिघांचं खंडपीठ, दोन विरुद्ध एक, बसमधला वर्णभेद घटनाबाह्य. (बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या प्रसिद्ध रोझा पार्क्स या खटल्यात नव्हत्याच, होत्या क्लॉडेट कॉल्विन आणि इतर जणी.)

पण मला अडकवून ठेवलं १९६५ च्या सेल्मा मोर्चाच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी निघालेल्या मोर्चाच्या निकालाने. आधी त्यांनीच मोर्चाला तात्पुरती मनाई केली होती. मग साक्षी ऐकल्या आणि म्हणाले, निषेधाचा हक्क अन्यायाच्या आकारमानाला साजेसा हवा. एवढा मोठा अन्याय, तर महामार्ग अडवणारा मोर्चाही चालेल. आणि लगेच पुढे हिशेब: रस्ता दुपदरी आहे तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत. तत्त्व आणि ट्रॅफिक एकाच आदेशात!

हीच सवय ‘वायट विरुद्ध स्टिकनी’मध्ये कळसाला गेलीय. सिगारेटच्या करातून येणारा पैसा आटला म्हणून टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातली शंभरेक माणसं कामावरून काढली. खटला तिथून सुरू झाला, पण नोकऱ्यांचा मुद्दा मागे पडला आणि समोर आले पाच हजारांवर रुग्ण. जेवणावर माणशी दिवसाला ५० सेंटही खर्च होत नव्हते. १९७१ मध्ये जॉन्सन यांनी सांगितलं: उपचारासाठी म्हणून माणसाला डांबायचं आणि उपचारच द्यायचे नाहीत, हे घटनेत बसत नाही.

इथे थांबले असते तर भाषणात वापरायला छान वाक्य मिळालं असतं. पुढच्या वर्षी त्यांनी यादीच दिली. आठ रुग्णांमागे एक संडास, पंधरांमागे एक न्हाणी, एका खोलीत सहांहून जास्त खाटा नकोत, अंघोळीचं पाणी ११० अंश फॅरनहाइट. अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस यांच्यासारखे लोक म्हणत, न्यायाधीश राज्य चालवू लागलाय. (दोघे कॉलेजात एकत्र शिकलेले!) मला हा आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही. न्यायाधीशाने पाण्याचं तापमान ठरवावं ही काही चांगली वेळ नव्हे. पण नुसतं ‘माणुसकीने वागवा’ एवढंच लिहिलं असतं, तर त्या कागदाचं तिथल्या अधिकाऱ्यांनी काय केलं असतं, हे ओळखायला वकील असावं लागत नाही.

त्यांचा माझ्या लेखी सगळ्यात कच्चा निकाल अलाबामातल्याच टस्कीगी शहराचा. कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर जावेत म्हणून शहराची हद्दच २८ बाजूंची करून टाकली होती. जॉन्सन यांनी १९५८ मध्ये खटला फेटाळला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

ब्राइसचा खटला २००३ पर्यंत चालला, जॉन्सन गेल्यानंतरही चार वर्षं. तो बंद केला मायरन थॉम्पसन यांनी, जॉन्सन यांच्याच रिकाम्या जागेवर आलेले कृष्णवर्णीय न्यायाधीश. गाव टस्कीगी.